बी उगवलं नाही, दोष कुणाचा?

मे संपत आला, नांगरटी झाल्या, शेणखत शेतात पडलं. आता घरोघरी एकच विचार, बियाण्याचं काय? कुणी गेल्या वर्षीचं सोयाबीन पोत्यात राखून ठेवलंय, कुणी दुकानातून बॅग आणणार आहे, आणि परसबागेसाठी कारल्या-दोडक्याच्या बिया तर प्रत्येकीच्या फडताळात कुठल्यातरी डबीत असतातच. आजच्या गप्पा त्या बियांविषयी, ज्या पेरल्या पण उगवल्याच नाहीत.

हा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका ताईच्या दीड एकरात सोयाबीन जेमतेम निम्मं उगवलं. बियाणं घरचं होतं, तिनेच राखलेलं, तिनेच निवडलेलं. झालं. सासूबाई म्हणाल्या, पाळीत असताना हिचा बियाण्याला हात लागला. नवरा म्हणाला, हिने पोतं ओल्यात ठेवलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, काहींच्या हातालाच यश नसतं. खत, पेरणीचं भाडं, मजुरी असं सगळं मातीत गेलं होतं, आणि दुबार पेरणीसाठी तिने गटाकडे कर्ज मागितलं तेव्हा आम्हाला ही हकीकत कळली. आम्ही चौघीजणी खुरपं घेऊन तिच्या रानात गेलो आणि ओळ उकरून पाहिली. काय सापडलं ते पुढे सांगतो. त्याआधी बी उगवतं म्हणजे काय होतं, हे जरा पाहू. ते आपल्याला माहीतच आहे, फक्त आपण त्याला शेतीचं ज्ञान म्हणत नाही.

उसळीसाठी मटकी कशी करतो आपण? रात्री भिजत घालायची, सकाळी पाणी काढून टाकायचं, फडक्यात बांधायची आणि उबेला ठेवायची. दुसऱ्या दिवशी मोड. यात सगळं आलं. पहिलं पाणी, कारण सुकलेलं बी झोपलेलं असतं, पाणी शिरल्यावर जागं होतं. दुसरी हवा. भिजलेलं बी आपल्यासारखाच श्वास घेतं, म्हणून आपण पाणी काढून टाकतो. मटकी पाण्यातच दोन दिवस राहिली तर मोड येत नाहीत, फेस येतो आणि वास सुटतो. बी गुदमरून मेलेलं असतं. आणि तिसरी ऊब. थंडीत मोड यायला दीड-दोन दिवस जास्त लागतात, हेही आपण रोज पाहतो. मातीतही हेच तिन्ही लागतं, चौथं काही नाही. खत लागत नाही. उगवताना बी स्वतःच्या डाळीतलं अन्न खातं.

आणि मटकीत दोन-चार दाणे असे असतात की कितीही भिजवा, दगडासारखेच राहतात. काही भागांत त्यांना कुचर म्हणतात. ते दाणे मेलेले नसतात. त्यांचं टरफल इतकं घट्ट असतं की पाणी आत जातच नाही. हा कुचरपणा भेंडीच्या बियांत असतो, कारल्याच्या जाड कवचातही पाणी सावकाश शिरतं, आणि परसबागेतली निम्मी तक्रार इथेच मिटते.

म्हणून उगवलं नाही असं म्हणण्याआधी एक करायचं. ओळ उकरायची. हाताच्या लांबीएवढी जागा, पाच-सहा ठिकाणी, सगळ्या शेतात पसरून. बी कुठं आहे आणि कशा अवस्थेत आहे, ते तोंडाने बोलतं. आम्ही ताईच्या रानात हेच केलं, आणि तेव्हापासून कुणाचीही तक्रार आली की आधी खुरपं घेतो.

उकरल्यावर बी कोरडं, टणक, पेरलं तसंच दिसलं तर त्याला पाणीच मिळालेलं नाही. एकतर ओल वरवरची होती किंवा बी कुचर आहे. घाई करू नका, ते अजून जिवंत असू शकतं. बी फुगलंय, पण बोटात दाबलं की लिबलिबीत होतं आणि घाण वास येतो, असं असेल तर ते मेलंय. मग प्रश्न उरतो की पेरतानाच मेलेलं होतं की पाणी साचून मातीत मेलं. शेताच्या उंच भागात उगवण बरी आणि सखल भागात नाही, असं असेल तर पाण्याने मारलं. उंचावर आणि सखलात सारखीच विरळ असेल तर शंका बियाण्यावर घ्यायची. बी सापडतच नसेल तर मुंग्या, पाखरं किंवा डुकरं. पाखरांनी खाल्लं तर ओळीवर टोचलेली छोटी भोकं दिसतात, मुंग्या बारीक बी उचलून बांधाकडे नेतात. डुकराने उकरलेलं तर सांगावंच लागत नाही.

आणि एक अवस्था अशी, की बी उगवलेलं असतं, पण वर आलेलं नसतं. ताईच्या रानात आम्हाला तेच सापडलं. कोंब पांढरा, जाड, मातीच्या आत वळणं घेतलेला, काहींची मान मोडलेली. वर जमिनीला पापडी धरली होती, भाकरीच्या पापुद्र्यासारखी. पेरणीनंतर जोराचा पाऊस झाला, मग तीन दिवस कडक ऊन. त्यात ट्रॅक्टरने पेरताना बी बोटाच्या दोन पेरांहून खोल पडलं होतं. बियाणं चांगलं होतं. राखणारीचा हातही चांगला होता.

सोयाबीनचं हे दुखणं समजून घ्यायला हवं, कारण तूर शेजारीच पेरलेली उगवते आणि सोयाबीन नाही, तेव्हा आपण बियाण्याला नावं ठेवतो. तूर आणि हरभरा आपल्या डाळी मातीतच ठेवून फक्त टोकदार कोंब वर काढतात. सोयाबीन तसं करत नाही. ते आपल्या दोन्ही जाड डाळी डोक्यावर घेऊन माती फोडून वर येतं, जणू डोक्यावर पाटी घेऊन दारातून वाकून बाहेर पडणारी बाई. दार बुटकं किंवा बंद असलं की मान मोडते. म्हणून सोयाबीन तीन ते चार सेंटिमीटर खोल, म्हणजे दीड इंचाच्या आतच पडलं पाहिजे. ट्रॅक्टर चालवणारा कोण आहे आणि त्याला किती घाई आहे, हे पेरणीच्या दिवशी बघायला बांधावर उभं राहायचं. दोन तास ओळ झाल्या की एकदा माती बाजूला सारून बी किती खोल गेलं ते बोटाने मोजायचं. बायकांनी सांगितलेलं ट्रॅक्टरवाला ऐकत नाही, हा आमचाही अनुभव आहे. तरी सांगायचं, पैसे आपण देतो.

पापडी धरली आणि कोंब अजून आत असेल तर हलक्या हाताने पापडी मोडता येते. आम्ही बोराटीची हलकी फांदी ओळीला आडवी ओढून पाहिली आहे, तुषार संच असेल तर हलकं पाणी शिंपडलं की पापडी मऊ पडते. मात्र कोंबाचा बाक वर दिसायला लागल्यावर काहीही ओढायचं नाही, नाहीतर उरलेलंही मोडेल.

आता बियाण्याकडे येऊ. सोयाबीन हे आपल्या सगळ्या धान्यांत सर्वांत नाजूक बी. टरफल पातळ, आणि मूळ होणारा भाग त्या टरफलाला अगदी लागून. मळणी यंत्राच्या जोराने, पोतं उंचावरून आपटलं तरी, त्याला आतून इजा होते. बाहेरून दाणा टपोरा, चकचकीत. पाहून काहीच कळत नाही. आणखी एक, काढणीच्या वेळी शेंगा पावसात भिजल्या की दाण्याची ताकद तिथेच निम्मी होते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीच्या पावसात सोयाबीन भिजलं, आणि पुढच्या, २०२० च्या खरिपात मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला, हे आठवत असेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. त्या वर्षी दुकानातलं बियाणंही फसलं, घरचंही फसलं. म्हणून काढणीत भिजलेलं सोयाबीन बियाण्याला ठेवायचंच नाही. ते तेलाला विकावं.

बियाण्यासाठी मळताना यंत्राचे फेरे कमी ठेवायला सांगावेत, मिनिटाला तीनशे-चारशेच्या वर नकोत. मळणीवाला कुरकुरतो, कारण वेळ जातो. वाळवताना ताडपत्रीवर, सकाळच्या आणि दुपारनंतरच्या उन्हात, भर दुपारी सिमेंटच्या खळ्यावर नाही. ओल बारा टक्क्यांच्या आत यायला हवी. मोजायचं यंत्र घरी नसतं, पण दाणा दाताखाली घेतला की कट्टकन फुटला पाहिजे. दाबला गेला तर अजून ओला आहे. वाळवलेलं गरम बी लगेच पोत्यात भरून तोंड शिवायचं नाही. रात्रभर निवू द्या. गरम बी बंद केलं की आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. पोती भिंतीला टेकवून नको, जमिनीवर नको, खाली फळ्या टाका, थप्पी सहा-सात पोत्यांपेक्षा उंच नको, आणि शेजारी खताच्या गोण्या तर अजिबात नको. युरियाच्या रिकाम्या पोत्यात बी भरणाऱ्या मैत्रिणी आजही आहेत. स्वस्त पडतं म्हणून. ते खूप महाग पडतं.

बियाणं किती दिवस जगतं याचा एक ठोकताळा शास्त्रज्ञ सांगतात. बियाण्यातली ओल एका टक्क्याने कमी केली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीची जागा पाच अंशांनी थंड असली की पुन्हा दुप्पट. आजी मडक्यात राखेत घोळून बिया ठेवायची, घरातल्या थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात उतरंडीला, ती हेच करायची. राख ओल शोषते आणि किड्याला अडवते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणं बँक उभी केली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारख्या बायकांच्या कामाकडे पाहिलं की कळतं, बी राखणं हे बायकांचंच काम होतं आणि त्यात मोठी अक्कल होती. फक्त एक लक्षात ठेवा, राखेतलंही बी अमर नसतं. कांद्याचं बी वर्षभरात मान टाकतं. सोयाबीनचंही तसंच, या वर्षीचं पुढच्या वर्षीच पेरायचं. भेंडी, वांगी नीट कोरडी ठेवली तर दोन-तीन वर्षं चालतात.

म्हणून पेरण्याआधी तपासायचं. याला पैसा लागत नाही, एक जुनं गोणपाट लागतं. ते स्वच्छ धुऊन ओलं करा, पिळून घ्या. पाणी टपकायला नको, नुसतं ओलसर. बियाणं एका पोत्याच्या वरून घेऊ नका. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठ-मूठ घ्या, एकत्र करा आणि त्यातले न निवडता शंभर दाणे मोजा. हे न निवडता महत्त्वाचं आहे. आपला हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जातो, आणि मग परीक्षा दाण्याची होत नाही, आपल्या डोळ्याची होते. दहा-दहाच्या दहा ओळी, दाण्यात बोटभर अंतर, वर दुसरं ओलं गोणपाट, मग सैल गुंडाळी करून सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. सोयाबीनला सहा-सात दिवसांनी उघडायचं. जमलं तर शंभर-शंभरच्या तीन गुंडाळ्या करा आणि सरासरी काढा.

मोजताना आपण फसतो ते इथं. नुसतं टरफल फुटलं, दाणा फुगला, म्हणजे उगवलं नाही. ज्याला लांब निरोगी मूळ आहे, कोंब आहे आणि दोन्ही डाळी धड आहेत, तोच मोजायचा. मूळ आखूड, तपकिरी पडलेलं, डाळ तुटलेली, असे बाजूला काढा. गोणपाटात ते तग धरतात, मातीत धरत नाहीत. सोयाबीनसाठी प्रमाणित बियाण्याची किमान उगवणक्षमता सत्तर टक्के धरलेली आहे. शंभरात सत्तर किंवा जास्त धड निघाले तर एकरी नेहमीचं तीस किलो. सत्तरच्या खाली आलं तर प्रत्येक टक्क्याला एकरी अर्धा किलो वाढवा. चौसष्ट आले तर तीन किलो जास्त, म्हणजे तेहतीस. साठच्या खाली आलं तर ते बियाणं पेरू नका, कितीही जीव तुटला तरी. तूर, मूग, ज्वारी, बाजरी यांना पंचाहत्तर, हरभरा आणि गव्हाला पंचाऐंशी टक्के, मिरचीला साठ, भेंडीला पासष्ट, वांगी-टोमॅटोला सत्तर असे आकडे धरतात. मिरचीचं शंभरातलं साठ रोप आलं की लगेच दुकानदाराला भांडायला जाऊ नका, हे त्यासाठी सांगितलं.

आणि हो, पाळीचं. आमच्या गटाने दोन गुंडाळ्या केल्या, एकाच पोत्यातल्या. एक पाळीत असलेल्या मैत्रिणीने भरली, पाणीही तिनेच घातलं. दुसरी दुसरीने. एकीत एक्याऐंशी आले, दुसरीत एकोणऐंशी. कुठलीत कुठले ते आम्ही सासूबाईंना आधी सांगितलं नाही, ओळखा म्हटलं. त्यांना ओळखता आलं नाही. नंतर त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या वर्षी सुनेने बी भरलं तेव्हा त्या जवळ बसून पोती धरत होत्या.

आता एक सूचना, ती नीट ऐका, कारण इथं मटकीची सवय नडते. सोयाबीन पेरण्याआधी पाण्यात भिजत घालायचं नाही. कोरडं सोयाबीन एकदम पाण्यात बुडालं की पाणी इतक्या झपाट्याने आत शिरतं की आतल्या पेशी फुटतात, दाण्याचे दोन भाग होतात. गोणपाटात मात्र ते ओल सावकाश पितं, म्हणून तिथं चालतं. पाण्यावर तरंगलेलं बी फेकायचं आणि बुडालेलं चांगलं, हाही समज पक्का नाही. तरंगणारं पोकळ असू शकतं, पण मेलेलं बीही छान बुडतं.

भिजवायचं ते परसबागेतल्या जाड कवचाच्या बियांना. कारलं, दोडका, पडवळ, भोपळा या बिया रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, मग ओल्या फडक्यात बांधून उबेला, कोंबाचं टोक दिसलं की लावा. कारल्याच्या बीचं टोक नखकापणीने जरासं छाटलं तरी पाणी लवकर शिरतं, फक्त आतला गर कापला जाऊ नये. भेंडी बारा तास भिजवा. धण्याची गोष्ट वेगळी. आपण ज्याला धणा म्हणतो ते एक फळ, आत दोन बिया. चपलेखाली हलकं रगडून दोन भाग करायचे आणि मग भिजवायचे. अख्खा धणा टाकला की उशीर लागतो आणि विरळ येतं.

परसबागेत दुसरी मोठी चूक उतावीळपणाची. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, मग आपल्याला वाटतं सगळंच तसं यावं. मिरचीला आठ ते बारा दिवस लागतात, कोथिंबिरीलाही तितकेच, कारल्याला आठवडा-दहा दिवस. पाचव्या दिवशी उकरून बघणारी मैत्रीण स्वतःच आपला कोंब मोडते. खोलीचा सोपा हिशेब असा, बी जितकं जाड तितक्याच दोन-तीन पट माती वर. माठ, राजगिऱ्याच्या बारीक बिया वाळूत मिसळून भुरभुरायच्या आणि वर नुसती चाळलेल्या खताची चिमूट. बोटभर माती टाकली तर त्या अंधारातच संपतात. मिरची-वांग्याचा वाफा वीतभर नको, पण चार-सहा बोटं तरी उंच हवा, पाणी झारीने सकाळी. संध्याकाळी चिखल केला की रात्रभर बी गुदमरतं, आणि उगवलेलं रोपही मातीलगत कुजून आडवं पडतं. मुंग्या येत असतील तर वाफ्याच्या कडेने राखेची रेघ ओढा, पावसाने धुतली की पुन्हा.

शेतात पाऊस पडल्या पडल्या पेरायला धावायचं नाही. सोयाबीनला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर जाऊ द्यावी आणि वाफसा आल्यावर पेरावं. मूठभर माती दाबून गोळा करा, वरून टाकला की तो फुटला पाहिजे. पहिल्या सरीवर पेरलं, बी फुगलं आणि पाऊस पंधरा दिवस गेला, तर ते बी पुन्हा सुकून परत उगवत नाही. एकदा जागं झालं की मागे फिरता येत नाही त्याला. खत आणि बी एकत्र मिसळूनही पेरू नका, दोन चाड्यांची पाभर असेल तर खत बियाण्याच्या खाली आणि बाजूला पडतं. युरिया बियाण्याला चिकटला की कोंब करपतो, आणि मग उकरल्यावर टोक काळं दिसतं.

बीजप्रक्रियेचं दोन वाक्यांत. आधी बुरशीनाशक, मग लागलं तर कीटकनाशक, शेवटी रायझोबियम, हा क्रम उलटा करू नका, आणि सगळं सावलीत सुकवा. हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घाला, पोटुशी बाईने आणि अंगावर पाजणारीने हे काम करू नये. रंगवलेलं उरलेलं बी कोंबड्यांना टाकायचं नाही, घरातल्या टोपल्यात ठेवायचं नाही.

आता दुकानातल्या बियाण्याविषयी. पिशवीला निळी खूणचिठ्ठी असेल तर ते प्रमाणित बियाणं, हिरवी असेल तर कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेलं सत्यप्रत. चिठ्ठीवर उगवणक्षमता, तपासणीची तारीख, मुदत आणि लॉट नंबर असतो, तो दुकानातच वाचून घ्या. चष्मा लागत असेल तर पोरीला घेऊन जा. पावती पक्की घ्या आणि जमलं तर स्वतःच्या नावावर घ्या. बॅग वरून फोडू नका, खालून उसवा, म्हणजे चिठ्ठी शाबूत राहते. प्रत्येक बॅगेतलं ओंजळभर बी कापडी पुरचुंडीत बांधून, लॉट नंबर लिहून ठेवा. दुकानातलं बियाणंसुद्धा गोणपाटात तपासायला हरकत नाही. आमच्या एका मैत्रिणीने असं केलं, शंभरात एकावन्न आले. तिने पावती आणि गुंडाळी दोन्ही घेऊन दुकान गाठलं आणि बॅगा बदलून आणल्या. पेरल्यानंतर गेली असती तर तिची पायपीट कितीतरी वाढली असती.

पेरल्यावर उगवलं नाही आणि उकरल्यावर बियाण्यावरच शंका आली, तर शेत मोडायच्या आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यायचा. पावती, पिशवी, चिठ्ठी यांच्या झेरॉक्स जोडा, मूळ कागद सोडू नका, अर्जाची पोच घ्या. तालुक्याला तक्रार निवारण समिती असते, ती रानात येऊन पाहणी करते आणि पंचनामा होतो. त्या दिवशी घरातल्या बाईने रानात हजर राहायचं, कारण बी कसं राखलं, कधी पेरलं, किती पाऊस झाला हे तिला जास्त माहीत असतं. पंचनाम्यात काय लिहिलं ते वाचून मगच सही करा. समितीने बियाण्यात दोष आहे असं म्हटलं आणि तरी भरपाई मिळाली नाही, तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. सगळं बी तर पेरून टाकलं, आता तपासायला नमुना कुठून आणू, असं कंपनीच्या वकिलापुढे शेतकऱ्याला अडवलं जायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात सांगितलं, की शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, आणि त्याने सगळं बी पेरलेलं असताना त्याच्याकडून नमुन्याची अपेक्षा धरता येत नाही. तरी ती ओंजळभर पुरचुंडी ठेवाच. घरच्या बियाण्याबद्दल मात्र तक्रार करायला कुणीच नसतं. तिथं गोणपाटच आपला अधिकारी.

ताईच्या रानाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. आम्ही तिला सगळं मोडू दिलं नाही. ओळीत जिथं हातभर तुटाळ होतं तिथं आठवड्याच्या आत आम्ही सातजणींनी टोकण केली, तीच बी, तिच्याच पोत्यातली, दीड इंचाच्या आत. जिथं सलग पट्टे मोकळे होते तिथं तिने तूर टोकली. जुलैचा पंधरवडा उलटून गेला असता तर सोयाबीन पुन्हा लावण्यात अर्थ नव्हता. पीक नेहमीपेक्षा कमी आलं, तरी गटाचं कर्ज तिने घेतलं त्यापेक्षा निम्मंच लागलं.

पुढच्या सोमवारी दुपारी आम्ही मंदिरामागच्या ओट्यावर गोणपाटं भरणार आहोत. येताना आपापल्या पोत्यातलं बी आणा, वरून, मधून, तळातून घेतलेलं. आणि गोणपाट धुऊन आणा, गेल्या वेळी एकीचं शेंगदाण्याच्या तेलाने माखलेलं होतं आणि त्यात बुरशीच उगवली.